सहा संघांचे भाऊसाहेब

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गचा किल्ला मागे पडला की थोड्याच वेळात जळकोट लागते. हे तुळजापूर तालुक्यातले जळकोट. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य याच रस्त्याने निजामाच्या मुलखात शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल हाती आला, सकाळीच जळकोट मागे पडले आणि दुपारी तुकड्या उमरग्यात होत्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात ही हकीकत शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

संस्थानांचे दिवस असे संपत असताना, त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकूरसाहेब प्रद्युम्नसिंहजी. त्यांचे संस्थान त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सौराष्ट्रात विलीन झाले होते. समोर कोल्हापूरचा एक फलंदाज ४४३ धावांवर नाबाद उभा होता. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडायला त्याला फक्त दहा धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत ठाकूरसाहेबांनी निरोप धाडला: डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी निघतो. महाराष्ट्राच्या कप्तानाने दोन षटके मागितली. ती मिळाली नाहीत. पाहुणा संघ सामना सोडून खरोखरच निघून गेला.

हा फलंदाज म्हणजे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. क्रिकेटच्या पुस्तकांत ते या एका दुपारपुरते येतात आणि हुकलेल्या विक्रमाची हळहळ व्यक्त करून लेखक पुढे सरकतात. मला त्या दुपारपेक्षा त्यांची उरलेली कारकीर्द जास्त नवलाची वाटते. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून हा माणूस खेळला. १९३९-४० च्या मोसमात सुरू झालेला हा प्रवास साठच्या दशकात थांबला. या संघांची नावे नकाशावर मांडली की भारतात खेळाचा खर्च त्या पाव शतकात कोणाच्या खिशातून होत होता, हे आपसूक कळते.

आधी तो डाव पुरता पाहून घेऊ, कारण तो खरोखर अचाट आहे. निंबाळकरांचा एकोणतिसावा वाढदिवस होऊन आठवडाही लोटला नव्हता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर निंबाळकर आले आणि कमल भांडारकरांबरोबर त्यांची जोडी जमली. हेच भांडारकर पुढे पुण्यातले नामांकित प्रशिक्षक म्हणून ओळखले गेले. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचली, त्यात भांडारकरांच्या २०५. दुसऱ्या गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत टिकला. तेव्हा वॉरविकशायरच्या जेमसन आणि कन्हाय यांनी तो मोडला. सामना सोडला गेला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या.

निंबाळकर ४९४ मिनिटे खेळपट्टीवर होते, म्हणजे सव्वाआठ तास. ४९ चौकार आणि एक षटकार. चौकार-षटकारांच्या २०२ धावा वजा केल्या तर उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. जोडीदारांच्या धावांसाठीची पळापळ वेगळी. ताशी सरासरी ५३ धावांहून जास्त पडते. आठ तास हा वेग राखणे आजच्या तयारीच्या खेळाडूलाही जड जाईल. डोक्यावर हेल्मेट नाही, हातात आजच्यासारखी जाड कडांची बॅट नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

त्या दिवशी ही धावसंख्या जगात दुसरी होती. पुढे १९५९ मध्ये कराचीत हनीफ मोहंमद पाचशेवी धाव घेताना ४९९ वर धावबाद झाला, आणि १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. त्यामुळे निंबाळकरांचा क्रमांक आता चौथा आहे. भारतात मात्र त्यांच्या जवळपासही कोणी फिरकलेले नाही. २०२३ मध्ये आसामविरुद्ध पृथ्वी शॉने ३७९ केल्या, तरी ४४३ ला अजून चौसष्ट कमीच होत्या.

आणि एवढे करून हा माणूस एकही कसोटी सामना खेळला नाही. कॉमनवेल्थ संघाविरुद्ध १९४९-५० मध्ये एक अनधिकृत कसोटी, बस्स. चारशेच्या वर गेलेल्या फलंदाजांची यादी अगदी आखूड आहे, आणि तीत कसोटीची टोपी न मिळालेले निंबाळकर कित्येक दशके एकटेच होते. २०२२ मध्ये ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टने नाबाद ४१० केल्या आणि त्यांना सोबत मिळाली. हा नॉर्थईस्टही केंट सोडून हॅम्पशायरला आणि तिथून ग्लॅमॉर्गनला गेलेला. योगायोगच, पण मजेदार.

कसोटी का मिळाली नाही, याचे साधे उत्तर त्याच हिवाळ्यात सापडते. वेस्ट इंडिजचा संघ तेव्हा भारतातच होता. त्या मालिकेत रुसी मोदींनी ५६० धावा काढल्या आणि विजय हजारे त्यांच्या फार मागे नव्हते. लाला अमरनाथ कप्तान, हेमू अधिकारी आणि दत्तू फडकर मधल्या फळीत, पॉली उम्रीगर दारात उभा. संघात जागा नव्हती हे खरेच. पण पुढच्या चार-पाच वर्षांतही जागा झाली नाही, आणि इथे माझ्या मते त्यांचे भटकेपण आड आले. तेव्हाची निवड गटागटांच्या ओढाताणीतून व्हायची. मुंबईच्या खेळाडूमागे मुंबई उभी असे. दर काही वर्षांनी संघ बदलणाऱ्या माणसाला आपला म्हणून पुढे कोणी रेटायचे?

मग ते फिरले तरी कशाला? इथे रणजी करंडकाची रचना समजून घ्यावी लागते. १९३४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९५६-५७ पर्यंत बाद पद्धतीने खेळली जाई. पहिला सामना हरलात की वर्ष संपले. आजच्यासारखे साखळीतले हमखास सामने नव्हते. दुबळ्या संघातल्या उत्तम फलंदाजाला मोसमात एकच सामना, फार तर दोन डाव मिळत. त्यात एखाद्या चांगल्या चेंडूवर बाद झाला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बघणे नशिबी. निंबाळकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचे ८० सामने आहेत. पाव शतकात ऐंशी म्हणजे वर्षाला सरासरी तीन. त्यातून ४,८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतके. खेळायला मिळावे असे वाटत असेल तर अंतिम फेरी गाठणाऱ्या संघात जाणे हा शहाणपणा होता.

दुसरे कारण पोटाचे. क्रिकेटपटूला मानधन म्हणण्यासारखे काही मिळत नव्हते. जे मिळे ते संस्थानिकाच्या पदरी नोकरीच्या रूपाने. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना नागपूरहून बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला. भारताच्या पहिल्या कसोटीचा हा कप्तान जन्मभर ‘कर्नल’ म्हणून ओळखला गेला तो त्यामुळे. मुश्ताक अलीही होळकरांच्याच पदरी होते. सांगलीचे विजय हजारे देवासच्या महाराजांच्या सेवेत राहिले आणि बडोद्याकडून खेळले. सांगलीजवळच्या एवढ्याशा जत संस्थानाने ऑस्ट्रेलियाचा जगविख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट पगार देऊन आणवला होता, यावरून या हौसेची कल्पना यावी. कोल्हापूरकराला यात नवे काही वाटले नसणार. राजाच्या खुराकावर तालमीत मल्ल पोसलेले त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात.

संस्थानी संघांचा हा कारभार किती जोरात होता ते निकालांत दिसते. १९४२ ते १९५३ या काळात बडोद्याने तीनदा आणि होळकरांनी चारदा रणजी करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हे दोनच संघ समोरासमोर आले तेव्हा बडोद्याच्या हजारे आणि गुल मोहंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम जवळजवळ साठ वर्षे, म्हणजे २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करेपर्यंत, कोणाला हलवता आला नाही. होळकर संघात मुंबईचे खंडू रांगणेकर होते, सागरचे चंदू सरवटे होते. सरवटे तर संघांच्या मोजणीत निंबाळकरांनाही मागे टाकतील: मध्य प्रांत-वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, पुढे मध्य भारत, मध्य प्रदेश आणि विदर्भ. मराठी खेळाडूंची एक अख्खी पिढी अशी रेल्वेने फिरत खेळली.

याच इंदूरला निंबाळकर गेले, आणि तेही अशा वेळी की राजाचे राज्य उरलेले नव्हते. होळकर संस्थान मे १९४८ मध्ये मध्य भारतात गेले. कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये आणि बडोदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली तरी त्यांच्या नावाचे संघ काही वर्षे तसेच चालत राहिले. बडोद्याचा तर आजही चालतो. १९५२-५३ च्या अंतिम सामन्यात कोलकात्यात बंगालविरुद्ध निंबाळकरांनी होळकर संघासाठी २१९ धावा केल्या. पहिल्या डावातल्या आघाडीवर होळकरांनी करंडक नेला, तो त्यांचा चौथा आणि शेवटचा. माझ्या लेखी ही खेळी ४४३ पेक्षा मोलाची. काठियावाडची गोलंदाजी काही फार धारदार नव्हती. अंतिम सामन्यात परक्या मैदानावर आघाडी मिळवून देणाऱ्या द्विशतकाचे वजन वेगळे असते. पण लोकांना हुकलेल्या दहा धावा आठवतात, जिंकलेला करंडक आठवत नाही.

१९५४-५५ मध्ये होळकर संघ इंदुरातच मद्रासकडून अंतिम सामना हरला आणि पुढच्या मोसमापासून ते नावच पुसले गेले. संघ मध्य भारत झाला. निंबाळकर त्याही संघाकडून खेळले. नंतर राजस्थान, तिथे उदयपूरचे महाराणा भगवतसिंह अजून हौसेने खेळाडू जमवत होते, विनू मंकड आणि सलीम दुराणी त्यांच्याकडेच खेळले. संस्थानी आश्रयाची ती शेवटची मोठी छत्री म्हणायची. आणि अखेर रेल्वे, जिचा संघ १९५८-५९ मध्ये रणजीत उतरला. राजाच्या मर्जीची जागा महिन्याच्या पगाराने आणि निवृत्तिवेतनाने घेतली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत खो-खो, कबड्डी, कुस्ती, हॉकी खेळणाऱ्या हजारो मराठी पोरांच्या घरी चूल पेटली ती याच रेल्वेच्या, पोलिसांच्या आणि बँकांच्या क्रीडाभरतीमुळे.

फिरस्त्या खेळाडूचा आणखी एक गुण निंबाळकरांत होता: लागेल ते काम करायची तयारी. ते उजव्या हाताने मध्यम जलद गोलंदाजी करीत आणि ५८ बळी त्यांच्या नावावर आहेत. गरज पडली तेव्हा यष्टीमागेही उभे राहिले. नव्या संघात पाय रोवायचा तर एकाच कामावर भागत नाही.

जगात दुसरीकडे याला जोड शोधायची तर मला अमेरिकन फुटबॉल आठवतो. त्या खेळात टाइट एंड नावाची जागा असते. हा गडी धिप्पाड रक्षकांच्या रांगेच्या टोकाला उभा राहतो. एका चालीत तो शेजाऱ्यांसारखा समोरच्याला अंगाने रेटून अडवतो, दुसऱ्या चालीत रांग सोडून पळत सुटतो आणि चेंडू झेलतो. रांगेतल्या मधल्या पाच जणांना एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलायची मुभा नसते, याला असते. दोन्ही कामे जमत असल्याने असा गडी प्रत्येक संघाला हवा असतो, पण त्याला कायमचा ठेवून घेण्याची निकड प्रत्येकाला वाटतेच असे नाही. जॅरेड कुक हे त्याचे उत्तम उदाहरण. २००९ ते २०२१ या काळात तो टेनेसी, सेंट लुइस, ग्रीन बे, ओकलंड, न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस अशा सहा शहरांच्या संघांत राहिला. ग्रीन बेमध्ये तो जेमतेम एक मोसम होता. पण जानेवारी २०१७ मध्ये डॅलसविरुद्ध, घड्याळात तीन सेकंद उरलेले असताना, त्याने सीमारेषेलगत पूर्ण आडवे होत, पायांची बोटे आत टेकवून लांबवरचा चेंडू झेलला आणि त्याच्या जोरावर संघ ३४-३१ असा जिंकला. तिथले लोक त्याला त्या एका झेलाने ओळखतात, जसे आपण निंबाळकरांना एका डावाने. फरक एवढाच की कुकला प्रत्येक मुक्कामी रीतसर करार मिळाला. निंबाळकरांच्या काळात करार नावाची चीज नव्हती.

आज भारतातही संघ बदलायचा तर आधी आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि कोणत्याही राज्याला बाहेरचे तीनच व्यावसायिक खेळाडू खेळवता येतात. या वाटेने गेलेले मराठी खेळाडू पुष्कळ. चंद्रकांत पंडित मुंबई, आसाम आणि मध्य प्रदेश अशा संघांकडून खेळले. मध्य प्रदेशाचे कप्तान म्हणून १९९९ मध्ये अंतिम सामना हरले आणि २०२२ मध्ये त्याच संघाला प्रशिक्षक म्हणून करंडक जिंकून दिला. मुंबईत जागा आटल्यावर वसीम जाफर विदर्भाकडे गेला आणि नागपूरच्या संघाने लागोपाठ दोन करंडक जिंकले.

आणि अमोल मुझुमदार. पदार्पणातच २६० धावा, पुढे मुंबईचे कप्तानपद, करंडक, नंतर आसाम आणि आंध्र. १७१ सामन्यांत ११,१६७ धावा आणि एकही कसोटी नाही. त्याची सरासरी ४८.१३ आणि निंबाळकरांची ४७.९३. दोन पिढ्यांच्या अंतराने दोन न निवडलेली माणसे इतकी शेजारी-शेजारी येऊन उभी राहतात. मुझुमदारला निदान २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र मिळाली. त्याच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक उचलला.

महाराष्ट्र संघाच्या बाबतीत विक्रम हुकण्याची आणखी एक गंमत आहे. २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८ अशी दोघांची ५९४ धावांची भागी झाली. संगकारा-जयवर्धनेंचा विक्रम फक्त तीस धावा दूर होता. या वेळी कोणी घरी निघाले नव्हते. कप्तान स्वतः गुगळेच होता, आणि विक्रमाची कल्पनाच नसल्याने त्याने डाव घोषित करून टाकला!

निंबाळकर शेवटी कोल्हापुरातच स्थिरावले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्यांच्या नावाचा पुरस्कार तेही आयुष्यभर संघ बदलत खेळलेले आणि साठी उलटल्यावरही उत्तर प्रदेशाकडून मैदानात उतरलेले. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भाऊसाहेब गेले.

आता पुन्हा सुरुवातीच्या जळकोटकडे. १९४८ पूर्वी तिथल्या एखाद्या पोराला रणजी खेळायची तर हैदराबादचाच संघ होता. १९३७-३८ चा करंडक त्याच संघाने जिंकला होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि आज हा सगळा मुलूख महाराष्ट्र संघाचा, म्हणजे पुण्याच्या वाटेचा. त्या वाटेने या तालुक्यातूनच गेलेला ताजा खेळाडू म्हणजे तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. जलद गोलंदाज, आणि खाली येऊन उंच षटकार मारणारा. २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा कुटल्या, त्यात पाच षटकार. भारताने तो चषक जिंकला आणि लगेच आयपीएलच्या लिलावात चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतले. २०२३ मध्ये आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात त्याने गुजरातचे तीन गडी टिपले. पुढच्या मोठ्या लिलावात तो लखनौकडे गेला, तीस लाखांना. दरबार आता असा भरतो. वर्षातून एकदा, आणि पुकारा कितीचा झाला ते तुळजापुरातही त्याच क्षणी मोबाइलवर दिसते.